डिजीकॅम: अल्बमची पानं करणाऱ्यांनी वापरावं का?

लग्नाचा, बारशाचा किंवा वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीचा अल्बम कॉम्प्युटरवर रचणाऱ्यांची खरी अडचण डिझाइनची नसते. हवा तो फोटो हव्या त्या वेळी सापडत नाही, ही असते. एकाच हळदीचे फोटो डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, पेन ड्राइव्हवर आणि ‘नवीन फोल्डर (३)’मध्ये पडलेले असतात. त्यात फ्रेम, फुलं, बॅकग्राउंड यांची किट वेगळीच. हा पसारा आवरायला डिजीकॅम हे सॉफ्टवेअर किती कामाचं आहे आणि कुठे कमी पडतं, ते इथे पाहू.

डिजीकॅम पूर्ण मोफत आहे. केडीई या मुक्त स्रोत समूहातलं हे काम २००१ पासून चालू आहे, आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. याचा सगळ्यात मोठा गुण असा, की ते फोटो स्वतःच्या पेटीत ओढून घेत नाही. डिस्कवरचा फोल्डर हाच त्याचा अल्बम. उद्या सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी फोटो जिथल्या तिथे, त्याच नावांनी राहतात.

पहिल्यांदा उघडल्यावर ते काही प्रश्न विचारतं. त्यातला एक घाईत ‘नेक्स्ट’ दाबून सोडू नका: टॅग (फोटोला लावलेले ओळखीचे शब्द), पसंतीचे तारे, फोटोखालच्या ओळी ही माहिती फोटोच्या फाइलमध्ये लिहायची का? उत्तर ‘हो’ द्या. ‘नाही’ म्हटलं तर महिनोन्महिने लावलेले टॅग फक्त डेटाबेसमध्ये, म्हणजे डिजीकॅमच्या नोंदवहीत राहतात, आणि तो बिघडला किंवा विंडोज नव्याने टाकलं की मेहनत गेली. फाइलमध्ये लिहिलेली माहिती मात्र फोटोबरोबर हार्ड डिस्कवर, भावाच्या लॅपटॉपवर, कुठेही जाते. रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) आणि पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइलींसाठी ‘साइडकार’चा पर्याय निवडावा. मग मूळ फाइलला हात न लावता शेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. फाइल हलवताना तिची ही जोडीदारीण सोबत न्यायला विसरू नका. ही ने-आण डिजीकॅममधूनच केली तर ते काम आपोआप होतं.

फोल्डरची रचना मात्र आपणच ठरवायची असते. मुळाशी तीनच फोल्डर पुरतात: फोटो, किट, पानं. ‘फोटो’मध्ये वर्ष आणि त्याखाली ‘२०२४-१२ हुरडा पार्टी’ अशी नावं. आकडे आधी लिहिल्याने क्रम आपोआप लागतो. फार खोल जाऊ नये. विंडोजच्या बऱ्याच प्रोग्रॅमना फोल्डर आणि फाइलच्या नावांची एकूण लांबी २६० अक्षरांपर्यंतच झेपते. किटची लांबलचक नावं सहा फोल्डर आत गेली, की कॉपी करताना मधल्याच काही फाइली मागे राहतात.

टॅग हा डिजीकॅमचा प्राण. टॅगखाली टॅग लावता येतात: ‘स्थळ’खाली वेरूळ, पैठण, दौलताबाद, नळदुर्ग, ‘लग्न’खाली हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, वरात. देवनागरी टॅग व्यवस्थित चालतात. फक्त शब्द एकदा ठरला की तोच ठेवा. ‘वेरूळ’, ‘वेरुळ’ आणि ‘एलोरा’ हे डिजीकॅमच्या लेखी तीन वेगळे टॅग आहेत, आणि पान करताना तिन्हींत शोधावं लागतं. किटलाही हीच पद्धत: पेपर, फ्रेम, फुलं, अक्षरं, आणि किट बनवणाऱ्याचं नाव. किटसोबत येणारी वापराच्या अटींची फाइल काढून टाकू नका. पान विकायचं किंवा गिऱ्हाइकाला द्यायचं झालं तर तीच बघावी लागते.

सारखे फोटो शोधण्याची सोय अजिंठ्याहून परतलेल्यांसाठी फारच उपयोगाची. लेण्यांत फ्लॅशला बंदी. अंधारात हात हलतो, म्हणून एकाच चित्राचे आठ-दहा फोटो काढले जातात. डिजीकॅम प्रत्येक फोटोचा ठसा तयार करतं आणि किती टक्के साम्य आहे त्यावरून गट पाडतं. ९० ते १०० टक्के ठेवलं तर ओळीने काढलेले फोटो बऱ्यापैकी एकत्र येतात. त्याखाली गेलात तर एकाच मंडपातले, पण वेगवेगळ्या माणसांचे फोटोही ‘सारखे’ दिसू लागतात. गट दिसला म्हणून सरसकट डिलीट करू नका. दोन फोटो ‘लाइट टेबल’वर शेजारी ठेवा, १०० टक्के झूम करून फोटोतले डोळे स्पष्ट आलेत का ते बघा, मग एक ठेवा.

आणि डिलीट केल्यावर जागा का रिकामी होत नाही, हेही समजून घ्या. डिजीकॅम डिलीट केलेले फोटो विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये टाकत नाही. त्याची कचरापेटी वेगळी असते, त्या त्या फोटोसाठ्यातच एका लपलेल्या फोल्डरमध्ये. डिजीकॅममधल्या ‘ट्रॅश’मध्ये जाऊन ती रिकामी करावी लागते. बाहेरच्या डिस्कवर फोटो असतील तर कचराही त्याच डिस्कवर साठत राहतो.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची गत वाईट असते. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख निघून जाते. नातेवाइकांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. आधीच आलेल्या फोटोंच्या नावात तारीख असते. डिजीकॅमच्या वेळ बदलण्याच्या साधनात ती नावावरून उचलता येते. ही पाठवल्याची तारीख असते, काढल्याची नव्हे, तेव्हा मंगलाष्टकांचा फोटो वरातीनंतर लागला तर हाताने सुधारा.

डिजीकॅममध्ये ‘मेंटेनन्स’ नावाचं साधन आहे. नवीन फाइली शोधणं, ठसे आणि थंबनेल नव्याने करणं, डेटाबेस साफ करणं, फाइल आणि डेटाबेसमधली माहिती जुळवणं ही कामं तिथून होतात. महिन्यातून एकदा पुरे. जुळवताना दिशा तपासा: डेटाबेसमधून फाइलकडे की फाइलमधून डेटाबेसकडे. उलटी दिशा निवडली तर नवे टॅग जुन्या माहितीखाली पुसले जातात.

डेटाबेस कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवरच ठेवा. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवला तर तो बिघडण्याचा धोका असतो. साधारण लाखभर फोटोंपर्यंत नेहमीचा एसक्यूलाइट डेटाबेस पुरतो, त्यापुढे मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा विचार करावा. आठवड्यातून एकदा डिजीकॅम बंद करून डेटाबेसच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.

आता उणिवा. बॅकअप हे या सॉफ्टवेअरचं काम नाही. फोटोंच्या तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, ही सोय स्वतःच करावी लागते. बाहेरची डिस्क एफएटी३२ फॉरमॅटची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. विंडोजवरच काम असेल तर एनटीएफएस फॉरमॅट घ्या.

कॉम्प्युटरची साफसफाईही त्याच्याकडून होत नाही, आणि पानं करणाऱ्यांकडे जागा खाणारी गोष्ट बहुतेक वेळा वेगळीच निघते. १२ बाय ३६ इंचांचं पान ३०० डीपीआयला ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलचं होतं. आठ बिटच्या आरजीबीत भरलेला एकेक लेअर सुमारे ११७ एमबी. असे वीस लेअर उघडे असताना लाइट गेली, की फोटोशॉपची तात्पुरती फाइल टेम्प फोल्डरमध्ये तशीच राहते, कधी कधी कित्येक जीबींची. फोटोशॉप बंद करून ‘फोटोशॉप टेम्प’ नावाने सुरू होणाऱ्या फाइली काढून टाका. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून यूपीएस हवाच. फोटोंवर टॅग लिहिले जात असताना वीज गेली तर चालू फाइल खराब होऊ शकते. डिस्कवर १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा. ‘स्टोरेज सेन्स’ ही विंडोजची आपोआप साफसफाईची सोय चालू करण्याआधी डाउनलोड्सची सेटिंग बघा, नाहीतर तिथे पडलेल्या किटच्या झिप फाइली ती परस्पर काढून टाकेल. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा धुळीने भरलेला पंखा कॉम्प्युटरला संथ करतो. बंद करून, प्लग काढून, पंख्याचं पातं धरून धूळ उडवा.

डिजीकॅममधली पर्यायांची गर्दी पहिल्या दिवशी घाबरवते. चेहरे ओळखण्यासाठी वेगळ्या फाइली डाउनलोड कराव्या लागतात आणि जुन्या मशीनवर ते काम रात्रभर चालतं. शिवाय फोटोशॉपचे ब्रश आणि फॉन्ट यात चित्ररूपाने दिसत नाहीत, त्यांचे फोल्डर वेगळे ठेवावे लागतात.

वर्षाला पाच-सहा अल्बम करणाऱ्याने, किंवा ज्याच्याकडे वीस-तीस किट साठली आहेत त्याने, डिजीकॅम जरूर घ्यावं. सुरुवात सगळ्या फोटोंपासून करू नका. एका लग्नाचा फोल्डर जोडा, त्यावर टॅग लावा, एक फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन टॅग तिथे दिसतात का ते बघा. दिसले तरच बाकीचे फोल्डर जोडा.