बाबांचा लकवा आणि माझे ५५,३०० रुपये, इंदूरवाल्यांनो हे वाचा

राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितेय. लाजही वाटते, कारण मी शिकलेली, नोकरी करणारी बाई आणि तरी फसले.

जानेवारीत बाबांना स्ट्रोक झाला, डावी बाजू गेली. सुदामा नगरला घरी आणल्यावर एक फिजिओथेरपिस्ट ताई रोज यायच्या, व्हिजिटचे ५०० रुपये. तीन आठवड्यांत बाबा आधाराने उभे राहायला लागले होते, पण हात हलेना, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा, "हात अजून उचलत नाहीत का?" अशात आईच्या भजनी मंडळातल्या एका मावशींनी त्या सेंटरचं सांगितलं. होलिस्टिक उपचार, मशीन नाही, औषध नाही, नुसत्या हातांनी नसा मोकळ्या करतात.

रिसेप्शनवरची मुलगी मराठीत म्हणाली, "या काका, सावकाश." इथं दिवसभर हिंदीत बोलावं लागतं, त्यात कुणी अचानक मराठीत हाक मारली की अर्धा संशय तिथंच जातो, इंदूरच्या माणसाला हे सांगायला नको. तपासणी ७०० रुपये. ६० सिटिंगचं पॅकेज ५४,०००, एकदम भरले तर ४८,६००. त्यातले ३०,००० यूपीआयने घेतले तेही कुणाच्या तरी पर्सनल खात्यावर, १८,६०० कॅश. तेलाच्या चार बाटल्या ३,८००, पट्टा २,२००. पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर नाही. विचारायला हवा होता, नाही विचारला.

घरी येणाऱ्या ताईंना बंद करा म्हणाले, "दोन वेगळे हात लागले की नस गोंधळते." मी बंद केलं. ह्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण स्ट्रोकनंतरचे पहिले तीन महिने सुधारणेला सगळ्यात मोलाचे असतात आणि त्यातले सहा आठवडे मी सेंटरमधल्या त्या उपचार करणाऱ्या माणसाच्या हवाली केले. रक्त पातळ करायची गोळीसुद्धा "हळूहळू सोडा" म्हणाला होता, ती मात्र मी एक दिवसही चुकवली नाही. तुमच्याशी कुणी असं बोललं तर त्याच मिनिटाला पेशंटला घेऊन उठा.

आणि ते पाकीट. एमआरआयचं पाकीट मी पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलावर ठेवलं होतं. बाराव्या सिटिंगला न्यूरोलॉजिस्टकडे जायचं म्हणून परत मागितलं तर मी मारलेली स्टेपलची पिन जशीच्या तशी. म्हणजे उघडलंच नव्हतं! बारा दिवस बाबांच्या अंगाला हात लावत होता आणि मेंदूत नेमकं काय झालंय ते बघितलंसुद्धा नाही. गाडीत बसून मी त्या पिनेकडे बघत राहिले. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण पैसे भरून झाले होते, पुण्याहून भाऊ रोज फोनवर विचारायचा, आणि बाबा स्वतः म्हणायचे की बरं वाटतंय. मालिश केल्यावर तासभर कुणालाही बरं वाटतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तेविसाव्या सिटिंगला "लॉक तोडतो" म्हणून त्याने बाबांचा डावा हात डोक्यावर ओढला. बाबा ओरडले. रात्रभर झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईंना हातापाया पडून परत बोलावलं, तर खांद्याच्या हाडाखाली दोन बोटं जातील एवढी फट. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडतात, हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो, म्हणून तो हात धरून ओढायचा नाही, पेशंटला उठवतानासुद्धा नाही. घरात कुणाला लकवा असेल तर हे आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा. हातांनी उपचार करणं खोटं नाही, ताईसुद्धा हातांनीच सांधा मोकळा करतात, पण त्यांनी फिजिओथेरपीची डिग्री घेतलीय आणि आल्या आल्या आधी रिपोर्ट वाचले.

उरलेल्या ३७ सिटिंगचे २९,९७० मागितले तर "नॉन-रिफंडेबल". पोलीस ठाण्यात म्हणाले हा पैशांचा वाद, ग्राहक कोर्टात जा. आरोग्य खात्याच्या ऑफिसात गेले तर पहिला प्रश्न, तो गोळ्या-इंजेक्शन देतो का, नाही ना, मग आमच्याकडे येत नाही, वरच्या मजल्यावर विचारा, वर साहेब मीटिंगला, सोमवारी या, सोमवारी गेले तर अर्ज हिंदीत दोन प्रतींत द्या, दिला, त्यावर शिक्का मारायला बाबू पाऊण तास नाही, आणि तीन आठवड्यांनी फोन आला तो मॅडम तक्रार बंद करून टाका म्हणून! अहो, माझ्या वडिलांचा खांदा निखळलाय. त्या माणसाच्या पत्रकावर "लकवा १०० टक्के ठीक" छापलंय, आणि औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात, ज्या आजारांवर अशी जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत लकवा स्पष्ट लिहिलेला आहे. मी ती यादी प्रिंट काढून नेली. बाबूने घडी करून फाइलखाली सरकवली.

आता ग्राहक आयोगात केस टाकतेय. ५ लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर घेऊन ठेवा. कॅश देऊ नका. पॅकेज तर अजिबात नको, एकेका सिटिंगचे पैसे द्या, घेत नसतील तर परत फिरा.

बाबांचा हात सध्या उशीवर ठेवतो, ताई रोज येतात. तुमच्यापैकी कुणी अशाच ठिकाणी पैसे भरले असतील तर पावती आणि पत्रक फेकू नका, मला मेसेज करा, मी माझ्या अर्जाची कॉपी पाठवते.