लाल कोळीवर कडुलिंबाचं तेल की गंधक?

बेळगावात फेब्रुवारी लागला, हवा कोरडी झाली की जास्वंदीची पानं वरून भुरकट दिसू लागतात. उलटून पाहावं तर बारीक जाळी: हा लाल कोळी, पानांतला रस शोषणारा बारीक जीव. मोगऱ्याच्या पानांवर पांढरी लव उठते, तोही कोळीच, फक्त जात वेगळी. दुकानात बहुधा मावा-तुडतुड्यांचं औषध पुढे केलं जातं. कोळी हा कीटक नव्हेच. त्यामुळे ते लागू पडेलच असं नाही. घरच्या बागेपुरते उरतात दोन उपाय: कडुलिंबाचं तेल आणि पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक.

तेलाच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे. ते अंड्यांनाही गुदमरवतं, तिथं गंधक कमी पडतं. चारच कुंड्या आणि राकसकोप धरणाचं नळाचं पाणी असेल, तर लिटरला ५ मिली तेल, थोडा साबण, खुशाल मारा. आम्ही मात्र बोअरवर, आणि बोअरचं पाणी जड. साबण फेस न धरता फाटतो, तेल सुटून वर तरंगतं आणि नोझलमध्ये चिकट साका अडकतो. कुंपणाची जास्वंद अर्धी व्हायच्या आत पंप खोला, टाचणीनं भोक मोकळं करा, तेलकट बोटांनी वायसर बसवा, चार झाडं झाली की पुन्हा तेच. पंपाच्या शेवटी नुसतं तेलच बाहेर येतं; ते ज्या झाडावर पडलं त्याची कोवळी पालवी करपली. डिसेंबरात तर तेल बाटलीतच थिजलेलं असतं.

गंधकाला एवढा ताप नाही. लिटरला २ ग्रॅम, आधी तांब्यात कालवून फडक्यातून गाळायचं, आणि भुकटी तळाला बसते म्हणून पंप हलवत राहायचं. गुलाबावरची भुरी, म्हणजे पांढरी बुरशीही त्यातच आवरते. पानांवर पांढरे डाग राहतात खरे, तेव्हा देवाची फुलं आधी तोडून घ्यावीत. मोगऱ्याला तर, माझ्या मते, छाटणीनंतर गंधकच.

अडचण उन्हाची. पारा ३२ अंशांवर गेला की गंधक पान भाजतं, आणि कोळी फोफावतो तोही तेव्हाच. म्हणून मी फेब्रुवारीतच, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतरानं दोनदा फवारतो. एप्रिल-मेमध्ये पाइपानं पानांच्या खालून पाण्याचा जोरदार मारा, बस्स. जूनमध्ये उरलेलं काम पाऊस करतो, खानापूरकडे तर जास्तच.

तेल मारून झालं असेल, तर गंधकाआधी निदान दोन आठवडे जाऊ द्या. दोन्ही एकावर एक पडली की पानं करपतात.