व्हॅक्यूमची वाटी की ओडॉनचं हवेचं कडं?

पुण्यात प्रसूतिकक्षात सिस्टर म्हणून काम करताना हातपंपाचा व्हॅक्यूम, म्हणजे बाळाच्या डोक्याला निर्वाताने चिकटवून त्याला बाहेर ओढायची वाटी, मी अगदी जवळून पाहते. वाटी बाळाच्या मागच्या टाळूच्या 3 सेंटिमीटर पुढे, बरोबर मधल्या रेषेवर बसली पाहिजे. सगळं यश तिथे आहे. पंपावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की कळ येईल तेव्हाच ओढायचं, ओसरली की थांबायचं. वाटीखाली लिंबाएवढी सूज येते. कसबा पेठेतल्या एका आजींनी ती पाहून पदर तोंडाला लावला होता. दोन दिवसांत सूज उतरली. 32 आठवड्यांच्या आतल्या बाळाला मात्र वाटी लावत नाहीत.

त्याच कामाचं ओडॉन हे उपकरण वेगळं. अर्जेंटिनातल्या होर्हे ओडॉन या मोटार मेकॅनिकला बाटलीत पडलेलं बूच पिशवीने काढायच्या युक्तीवरून ते सुचलं. डोकं खेचून धरायला निर्वात नाही. प्लॅस्टिकची बाही डोक्याभोवती सरकवून कडं हवेने फुगवतात. कल्पना मला मनापासून आवडते. पण ब्रिस्टलच्या पहिल्या अभ्यासात 40 पैकी 19 जणींचीच प्रसूती त्याने झाली. माझ्या बहिणीला आज मदत लागली, तर मी सरावलेल्या हातातली वाटीच मागेन.