हार्डांगरची एक दिवसाची बाईक सहल

नॉर्वेतल्या बर्गनहून भाड्याची बाईक घेऊन गाइडबरोबर हार्डांगर भाग फिरलो, पैसे पुरेपूर वसूल! नोरहाइमसुंड गावानंतर रस्ता फ्योर्डला (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीला) बिलगूनच जातो. डावीकडे उतारावर सफरचंदाच्या बागा, उजवीकडे हिरवट पाणी. क्वांडालहून फेरीबोटीने उतने गावी, पुढे किन्सारविक. मग हार्डांगर पूल, 2013 चा, दोन मनोऱ्यांमधलं अंतर तब्बल 1310 मीटर. पूल संपला की थेट बोगदा, आणि डोंगराच्या पोटात निळ्या उजेडातला गोल चौक! तिथे हेल्मेटची काच धुरकटते, वेग आधीच कमी करा. गाइड उत्तम, अरुंद वळणांवर सगळ्यांसाठी थांबायचा. रेनसूट मात्र गळका, गळ्यातून पाणी आत शिरलं. इथे पाऊस भरपूर, स्वतःचाच न्या.