म्हापसा ते मडगाव रोज: ट्रेन बरी की शटल? दोन महिने दोन्ही करून पाहिलं

ऑफिस हललं मडगावला आणि घर म्हापशात, त्यामुळे एप्रिलभर ट्रेनने गेलो आणि मेमध्ये शटल बसने, दोन्ही महिने वेळ मोजला तो घराला कुलूप लावल्यापासून ऑफिसची पायरी चढेपर्यंत. नुसतं 'गाडी तासात पोचते' हे ऐकून मीपण आधी फसलेलो.

ट्रेनचं आधी सांगतो कारण ती मला मनापासून आवडते. थिवीला बसलं की तासाभरात मडगाव, तिकीट म्हणजे भाजीपाव आणि चहापेक्षा स्वस्त, म्हापसा-पणजी रस्त्यावरच्या पर्वरीचा जॅम नाही, हॉर्न नाही, आणि मांडवी नदी ओलांडताना दिवाडी बेटावरची शेतं दिसतात तेव्हा फोन आपोआप खिशात जातो. पण थिवी स्टेशन म्हापशात नाहीये ना! दहा-अकरा किलोमीटर बाहेर. म्हणजे सकाळी आधी स्कूटर किंवा खाजगी बस, आणि खाजगी बसवाला भरल्याशिवाय हलत नाही, एकदा तर कंडक्टर वीस मिनिटं 'भितर सर, भितर सर' (आत सरका) करत राहिला आणि माझी गाडी डोळ्यांसमोर सुटली. मला जमणारी गाडी सकाळी एकच, ती गेली की दिवस गेला. तिकडे मडगावलाही स्टेशन एका टोकाला आणि कदंबाचा, म्हणजे सरकारी बसचा, स्टँड दुसऱ्या टोकाला, मध्ये पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करा नाहीतर रिक्षा, आणि एका रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून मी चालतच गेलो. तासाची ट्रेन, पण घर ते ऑफिस दोन तास दहा मिनिटं, हे सरासरी धरून.

पणजीवाल्यांची तर अजूनच गंमत, राजधानी असून स्टेशन नाही. जवळचं करमळी, म्हणजे जुन्या गोव्याजवळ, तिथून बाहेर येऊन परत बस शोधा. नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेच्या मार्गावरून इथे केवढं रान पेटलं होतं, खाजन जमिनी (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), जुन्या गोव्यातली चर्चं, चौकशीला ओझा आयोग बसला, ते सगळं घरात ऐकत मोठा झालो. पण ती लाईन मुळात मुंबई-मंगळूर जोडायला टाकलेली, आपल्याला म्हापसा-मडगाव सोडायला नाही. त्यात बहुतेक ठिकाणी एकच रूळ, त्यामुळे समोरून गाडी आली की कोणीतरी थांबायचं, आणि थांबते अर्थातच पॅसेंजर. 2023 पासून मडगाव-मुंबई वंदे भारत आली, छानच आहे, पण रोज कामाला जाणाऱ्याला तिचा उपयोग काय?

आता शटल. म्हापशाहून पणजीची कदंबा शटल, पणजीला उतरून मडगावची. दोन्हीकडे खिडकीवर रांग लावून तिकीट, मग बस, मध्ये स्टॉप नाही. रांग लांब दिसली तरी घाबरू नका, पुढची बस लगेच लागते, हीच शटलची खरी ताकद, वेळापत्रक पाहावंच लागत नाही. पणजीचा स्टँड पण पाटोवर, शहरातच. पणजी-मडगाव वाटेवर जुवारी नदीचा नवीन पूल डिसेंबर 2022 मध्ये अर्धा आणि वर्षभराने पूर्ण उघडला तेव्हापासून पुलाजवळच्या कुठ्ठाळीचा तो जुना जॅमचा छळ संपला, लोकांच्या आयुष्यातले किती तास त्या एका पुलावर गेले असतील. आता त्रास पर्वरीचा, उड्डाणपुलाच्या कामाने. तिथे बस अडकली की अडकली, शटल काय आणि मर्सिडीज काय, रस्ता सगळ्यांचा एकच. ट्रेनला स्वतःची वाट असते, बसला नसते, फरक खरं तर चाकात नाही, वाटेत आहे. बसला वेगळी लेन दिली तर तीपण धावेल, पण आपल्याकडे लेन म्हणजे पार्किंग.

मे महिन्याची सरासरी, घर ते ऑफिस: एक तास पन्नास. पर्वरीत वाईट दिवस असेल तर सव्वादोन. म्हणजे चाळीस-पन्नास माणसांची बस हजारभर माणसं नेणाऱ्या ट्रेनपेक्षा मला लवकर पोचवते, आणि ती फक्त दारात येते आणि सारखी येते म्हणून.

कोणीतरी म्हणणारच, मग मेट्रो आणा. बहीण पुण्यात असते, 2022 मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात बसून आली, खूश, पण स्टेशनपर्यंत रिक्षा चुकलेली नाही. आणि गोवा अख्खा 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाखांचा, तोही वाड्यावाड्यांत पसरलेला, मेट्रोला लागतात तशी एका सरळ रेषेत गर्दी कुठून आणणार? शिवाय आपला स्कायबसचा, म्हणजे उंच रुळाखाली लटकून धावणाऱ्या गाडीचा, अनुभव आठवा. मडगावात दीडेक किलोमीटरचा ट्रॅक उभा केला, 2004 मध्ये चाचणीत अपघात होऊन एक कर्मचारी गेला, 2013 मध्ये प्रकल्पच गुंडाळला. लहानपणी ते खांब बघून वाटायचं आता डोक्यावरून गाडी जाणार.

माझे गुण: ट्रेनला पाचपैकी अडीच, प्रवासाला पाच पण दोन्ही टोकांना शून्य. थिवी नाहीतर करमळीच्या गाडीच्या वेळेला जोडून एक छोटी बस उभी ठेवली, बाकी काही नको, तर साडेतीन करीन. शटलला पावणेचार. सव्वा कापला तो पर्वरीसाठी आणि संध्याकाळसाठी. दिवे लागले की बसेस विरळ होतात, खाजगीवाले तर आधीच घरी, मग पणजी स्टँडवर उभं राहून ओळखीचं कोणी गाडीतून जातंय का बघत बसायचं.

जूनसाठी शटलचा महिन्याचा पास काढलाय. पण या शुक्रवारी मीटिंग संध्याकाळी सात वाजता ठेवलीय साहेबांनी, म्हणून काल स्कूटरची टाकी फुल करून आणि रेनकोट डिकीत टाकून ठेवला.