कोविडमध्ये दादा गेला, त्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन थेरपीचा अनुभव (आठ-नऊ महिन्यांनंतर)

मुद्द्याचं आधी सांगतो. मला फरक पडला, आणि तो पडला कारण दुसऱ्या खेपेला थेरपिस्ट अशी मिळाली जी माणूस गेल्याच्या दुःखावरच काम करते. नुसतं "काउन्सेलिंग" बघून पैसे भरू नका, हे सांगायलाच लिहितोय.

दादा मे २०२१ मध्ये गेला, दुसऱ्या लाटेत. बेडसाठी रात्रभर फोनाफोनी, मग ॲडमिट केल्यावर वॉर्डात सोडेनात, शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, तेही ऑक्सिजन मास्कमुळे तो काय म्हणाला ते कळलंच नाही. बॉडी प्लास्टिकमध्ये, तोंड बघायला मिळालं नाही, अग्नीसुद्धा पालिकेच्या माणसांनी दिला आणि दहावं-तेरावं आम्ही घरातल्या घरात उरकलं. त्यानंतर वर्षं गेली तरी माझं रात्री तेच चालायचं, दुसरीकडे नेलं असतं तर, एक दिवस आधी नेलं असतं तर. लोक म्हणायचे आता बास कर, वहिनीकडे बघ, पोराकडे बघ. अरे बघतोयच ना, पण आतलं थांबत नाही त्याचं काय?

याला प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे लांबत गेलेलं, न ओसरणारं दुःख. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत हे स्वतंत्र निदान आहे, ती २०२२ पासून लागू झाली. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ गेलेल्या माणसाची ओढ आणि त्रास तसाच राहिला आणि रोजचं जगणं अडलं तर या निदानाचा विचार करतात, अमेरिकेच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकात मोठ्या माणसांसाठी हीच मुदत बारा महिने आहे. डिप्रेशनपेक्षा हे वेगळं. माझी डिप्रेशनची गोळी चालू होती, झोप सुधारली, पण दादाचं जे होतं ते जागचं हललं नाही.

आधी एक ॲप घेतलं होतं, पॅकेज भरून. चॅटवर दर वेळी नवीन काउन्सेलर, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी टाइप करायची आणि शेवटी श्वासाचा व्यायाम. सोडलं.

आताच्या मॅडम पुण्याच्या, मी सांगलीला, सेशन मराठीत व्हिडिओवर. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या डॉ. कॅथरीन शिअर यांनी बसवलेली पद्धत त्या वापरतात, मूळ आराखडा साधारण १६ सेशनचा, आठवड्याला एक. पहिल्यापासून रोज एक वही, आज दुःख सगळ्यात जास्त कधी होतं, सगळ्यात कमी कधी, शून्य ते दहा आकडा टाकायचा. मला वाटायचं दिवसभर दहाच असतो, वहीत बघितलं तर पुतण्याला क्लासला सोडताना तीनवर यायचा, आईला चक्कर आली की थेट नऊ.

सुरुवातीच्या एका सेशनला घरचं जवळचं माणूस बोलावतात. मी वहिनीला बसवलं. चार वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं त्या रात्रीबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो, ती म्हणाली तुम्हाला त्रास होईल म्हणून मी विषय काढत नव्हते भाऊजी, आणि मी तिच्यासाठी काढत नव्हतो.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे डोळे मिटून हॉस्पिटलमधून फोन आला तो क्षण वर्तमानकाळात सांगायचा, "फोन वाजतोय, मी उचलतोय" असं, ते रेकॉर्ड होतं आणि पुढच्या सेशनपर्यंत घरी रोज ऐकायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उलटी झाली. पुढच्या आठवड्यांत मात्र त्याच रेकॉर्डिंगमध्ये असं काही ऐकू यायला लागलं जे मी विसरलो होतो, की डॉक्टर म्हणाले होते दोन्ही फुफ्फुसं गेलीत, आणि मी विचारलं होतं हलवू का, तर ते म्हणाले रस्त्यात जाईल. म्हणजे मी विचारलं होतं! हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात राहिलंच नव्हतं. यापेक्षा जास्त मला कशाने बरं वाटलं नाही. मग टाळत होतो त्या गोष्टी एकेक करून, हॉस्पिटलचा रस्ता, माळ्यावरची दादाच्या सामानाची सीलबंद पिशवी. पिशवीत चष्मा, घड्याळ आणि चार्जर निघाला, वहिनीसोबतच उघडली.

ऑनलाइनचा त्रास आहेच. फ्लॅटमध्ये भिंती पातळ, आईला ऐकू जाईल म्हणून मी गाडीत बसून सेशन करतो, खाली पार्किंगला, काच वर करून, उन्हाळ्यात जीव नको होतो. आणि ते डोळे मिटून सांगणं ऐन रंगात असताना नेटवर्क गेलं की फार वाईट अवस्था होते, म्हणून आम्ही ठरवलंय की कट झालं तर मॅडमनी लगेच साधा फोन करायचा. हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. ॲपसाठीच नाही तर कुणाहीकडे जाताना विचारा की दुःखासाठी खास ट्रेनिंग घेतलंय का, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर मागा, चांगली माणसं रागावत नाहीत.

रडू अजून येतं, एप्रिल-मे जड जातो. पण पुतण्याला त्याच्या बाबाच्या गोष्टी सांगता येतात आता, आधी घसा दाटायचा. सध्या सेशन महिन्याला एक आहे.

फी परवडत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ही थेरपी तिथे फोनवर पूर्ण होणार नाही, पण रात्री दोनला कुणाशी तरी बोलायचं असेल किंवा पुढे कुठे जायचं हे विचारायचं असेल तर लावा.