कुडाळच्या मेस्त्रींनी नव्याने बांधून दिलेला बायस सप्लाय

वेंगुर्ल्यात आमच्या घरी ईएल३४ व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) जोडीवर चालणारा एक जुना पुश-पुल, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणारा, अॅम्प्लिफायर आहे. गेल्या वर्षी एका शहरातील दुकानात त्यात तयार बायस बोर्ड (व्हॉल्व्हमधील प्रवाह आवरणारे ऋण व्होल्टेज देणारे सर्किट) बसवून घेतला होता. यंदा पावसाळ्यातील एका रात्री लाइट गेली, सात-आठ सेकंदांत परत आली आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटी निखाऱ्यासारख्या लाल झाल्या. मी धावत जाऊन स्विच बंद केला, म्हणून व्हॉल्व्ह वाचले.

कुडाळच्या बाजारपेठेतील ज्या लहानशा दुरुस्ती-दुकानात मी तो नेला, तिथल्या मेस्त्रींनी बोर्ड पाहताच कारण सांगितले. गाळणीचा कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा आणि त्याला भरणारा रेझिस्टर ४७ किलोओहमचा, म्हणजे काळ-स्थिरांक (कपॅसिटर सुमारे दोन-तृतीयांश भरायला लागणारा वेळ) १० सेकंदांच्या पुढे. लाइट आल्यावर डायोडमधून येणारी हाय टेन्शन (प्लेटचे उच्च व्होल्टेज) क्षणात उभी राहते, कॅथोड (प्रवाह सोडणारी टोके) अजून तापलेले असतात, आणि ग्रिडवरचे, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवरचे, ऋण व्होल्टेज मात्र रांगत वर येत असते, म्हणून तेवढ्यात प्रवाह बेफाम वाढून प्लेटी लाल होतात. आपल्याकडे पावसात लाइटचे हे जाणे-येणे रोजचेच असल्याने हा दोष इथे फार महागात पडतो.

त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या ५० व्होल्टच्या स्वतंत्र वाइंडिंगवर एक डायोड आणि त्यामागे ४.७ किलोओहम व ४७ मायक्रोफॅरड अशा दोन पायऱ्या बसवल्या. प्रत्येक पायरीचा काळ-स्थिरांक सुमारे ०.२ सेकंद येतो. (कपॅसिटरचे धन टोक चॅसीकडे जाते; नवशिके इथेच चुकतात.) जुन्या बोर्डावरचा झेनर (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा डायोड) त्यांनी काढून टाकला, तेव्हा मी हरकत घेतली, कारण स्थिर केलेले व्होल्टेज अधिक चांगले असते असाच माझा समज होता. त्यावर ते म्हणाले, "मेन्स वाढली तर बायसपण वाढाक व्हयो." त्यांचे म्हणणे बरोबर आहे: मेन्स, म्हणजे घरात येणारी वीज, १० टक्क्यांनी चढली, तर प्लेटचे ४३० व्होल्ट ४७३ होतात, स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे) व्होल्टेजही तसेच वाढते, आणि बायस उणे ३८वरच अडकून राहिला तर व्हॉल्व्हमधील प्रवाह वाढत जातो, तोच उणे ४२च्या जवळ सरकला, तर प्रवाह बराचसा आवाक्यात राहतो. हाय टेन्शनही स्थिर केलेले असेल तेव्हाच बायस स्थिर करण्यात अर्थ आहे.

प्रत्येक व्हॉल्व्हला बायस लावण्यासाठी वेगळा सीलबंद ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा बदलता रेझिस्टर) दिला आहे, कारण खाऱ्या हवेत उघडे कार्बन ट्रिमर फार काळ टिकत नाहीत. ट्रिमरच्या सरकत्या टोकापासून ऋण टोकाकडे एक रेझिस्टर जोडलेला आहे. त्यामुळे संपर्क तुटलाच, तर ग्रिडला पूर्ण ऋण व्होल्टेज मिळून व्हॉल्व्ह लाल न होता गप्प बसतो. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असल्याने मीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. दोन्हीकडे ३८ मिलिअँपिअर लावले आहेत, म्हणजे २५ वॉटच्या मर्यादेपुढे साधारण १६ वॉट, आणि त्यातही स्क्रीनचा प्रवाह धरलेला असल्याने प्लेटवरचा खरा भार आणखी थोडा कमीच.

तक्रारी दोन आहेत. ट्रिमर चॅसीच्या आतल्या बाजूला असल्याने समायोजनासाठी अॅम्प्लिफायर उलटा करून, ४३० व्होल्ट चालू असताना, स्क्रूड्रायव्हर घालावा लागतो. मागच्या पट्टीवर दोन भोके पाडली असती तर हा धोका टळला असता. शिवाय जोडणीची आकृती मागूनही मिळाली नाही, ती मी स्वतः तारा मागे लावत काढली. मजुरी आणि सामान धरून २,८०० रुपये झाले, आणि कामाचा दर्जा पाहता ते मला जास्त वाटले नाहीत.

काम व्हायला तीन आठवडे लागले. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात तिथे भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर दारापर्यंत रचलेले असतात, तेव्हा ज्यांना न्यायचा असेल त्यांनी मे महिन्यातच नेऊन ठेवावा.